भारमानात न येणारी माणसं

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात कुठल्याही फाट्यावर सकाळी सातला उभं राहा. कॉलेजच्या पोरी, बाजाराच्या पिशव्या, मिरजेच्या दवाखान्याला निघालेली एखादी आजी. एसटी आली तर एसटी, नाहीतर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी. वडापात कोंबून बसलेल्या माणसांची नोंद मात्र कुठंच होत नाही. स्मार्ट वाहतुकीबद्दल बोलताना मला आधी ही माणसं आठवतात.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून प्रवासी मोजायचा तो तिकिटावर. मुक्कामाच्या गाडीचे वाहक आमच्या ओसरीवर जेवायचे आणि हात धुऊन लगेच वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, उघडायचे. तिकिटांचा ट्रे, तो चिमटा, बोटाला लागलेली शाई, पुन्हा पुन्हा जुळवलेले नंबर. त्या कागदांवरूनच आगारात भारमान, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या त्याचं प्रमाण, निघायचं, आणि फेरी ठेवायची की नाही ते भारमानावर ठरायचं. फेरी कमी झाली की माणसं वडापकडे वळतात, मग उरलेल्या फेरीचं भारमानही घसरतं. पासवर जाणाऱ्या मुलीचं तर रोजचं तिकीटही फाटत नाही.

पुढं तिकिटाचं मशीन आलं. कोण कुठं चढलं, कुठं उतरलं, किती वाजता, हे आपोआप साठू लागलं. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. सवलतीची रक्कम सरकारनं भरायची, म्हणून ही तिकिटं वेगळी मोजावी लागतात. त्यामुळं गाडीतल्या बायका आकड्यांत ठळक दिसू लागल्या. गाडी कुठं आहे हेही आता कळतं: 1 जानेवारी 2019 पासून नव्या प्रवासी वाहनांना ठावठिकाणा सांगणारं उपकरण सक्तीचं झालं. पण फाट्यावर कोण ताटकळतंय, हे त्या उपकरणाला कसं कळणार?

2011 च्या जनगणनेत कामाचं ठिकाण किती लांब आहे आणि तिथं कशानं जाता, हे विचारलं गेलं. पण शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातली माणसं त्या प्रश्नातून वगळलेली होती. जत-आटपाडीसारख्या भागात मग मागं उरतं तरी कोण?

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरानं 2016 मध्ये केंद्रीय परिवहन खात्याची स्मार्ट सिटी स्पर्धा जिंकली. 78 शहरांतून निवड होऊन 4 कोटी डॉलर मिळाले. तिथं बालमृत्यूचं प्रमाण चिंताजनक होतं आणि लिंडनसारख्या गरीब वस्त्यांत ते जास्तच. म्हणून गरोदर बायकांना तपासणीला नेण्या-आणण्यासाठी फोनवरून किंवा ॲपवरून गाडी मागवायची सोय 2019 मध्ये सुरू झाली. मला यातलं ॲप महत्त्वाचं वाटत नाही. कुणाची बाळं दगावतात हा आकडा त्यांनी वाहतुकीच्या टेबलावर आणला, हे मोठं काम झालं.

आपल्याकडेही अशी माहिती आहे. कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, ती मळ्यात राहते की गावठाणात, हे आशाताईंच्या वहीत असतं. कोणती मुलगी किती लांबून चालत येते, हे वर्गशिक्षकांना पाठ असतं. आगारात वेळापत्रक बसवताना ती वही आणि ते शिक्षक समोर असायला हवेत.