तोट्यातील विक्री आणि कायद्याची संथ चाल : पार्श्वभूमी

बेळगावच्या खडेबाजारात काय किंवा निपाणी-खानापूरच्या पेठेत काय, मोबाईल विकणाऱ्या दुकानदारांची तक्रार एकच असते : घाऊक व्यापाऱ्याकडून ज्या भावाने फोन मिळतो, त्याहून कमी भावाने तोच फोन ऑनलाइन विकला जातो आणि काही मॉडेल दुकानापर्यंत येतच नाहीत. या तक्रारीची मुळे बरीच जुनी आहेत.

छोट्या विक्रेत्यांच्या भागात दर पाडून त्यांना संपवल्याचा आरोप अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलवर होता आणि १९११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीच्या विभाजनावर शिक्कामोर्तब केले. पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत आपला ब्राउझर फुकट देऊन नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझर कंपनीची बाजारपेठ हिरावली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या खटल्यात, कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निष्कर्ष २००१ मध्ये अपील न्यायालयाने कायम ठेवला. तोवर नेटस्केप दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली होती. अॅमेझॉनने लहान मुलांच्या डायपरचे दर इतके खाली आणले, की डायपर्स डॉट कॉम चालवणारी कंपनी २०१० मध्ये तिलाच विकली गेली. २०१७ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले.

भारतातील २००२ च्या स्पर्धा कायद्यानुसार, प्रतिस्पर्ध्याला संपवण्याच्या हेतूने खर्चापेक्षा कमी दराने विकणे हा वर्चस्वाचा गैरवापर ठरतो, पण त्यासाठी कंपनीचे बाजारात वर्चस्व आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. बेंगळुरूतील ओलाच्या दरांविरुद्धची तक्रार २०१७ मध्ये नेमकी याच मुद्द्यावर फेटाळली गेली, कारण उबरही स्पर्धेत असल्यामुळे ओलाचे वर्चस्व हा कायदा राबवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाला मान्य झाले नाही. दोन बलाढ्य कंपन्या मिळून बाजार व्यापत असल्या, तरी कायदा त्यांचे संयुक्त वर्चस्व मानत नाही.

म्हणूनच दिल्लीच्या व्यापाऱ्यांनी अॅमेझॉन आणि फ्लिपकार्टविरुद्ध केलेल्या तक्रारीवर आयोगाने जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा आदेश दिला, तो वर्चस्वाऐवजी स्पर्धेला मारक करारांच्या कलमाखाली. काही फोन केवळ ऑनलाइन आणणे, मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप देणे आणि भरमसाट सवलती हे त्यातील मुद्दे होते. फेब्रुवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाने चौकशीला स्थगिती दिली. जून २०२१ मध्ये कंपन्यांच्या याचिका, जुलैमध्ये त्यांची अपिले फेटाळली गेली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चौकशी रोखण्यास नकार दिला. केवळ चौकशी सुरू होण्यासाठी दीड वर्ष गेले आणि त्यातले बरेच महिने टाळेबंदीमुळे दुकाने बंद असताना विक्री ऑनलाइनकडे वळत होती.