बुडालेले पैसे कुणी भरून द्यायचे?

‘पैसे तुम्हीच पाठवलेत, आता आम्ही काय करणार?’ फसवल्या गेलेल्या ज्येष्ठांना हेच उत्तर वर्षानुवर्षे ऐकावं लागलं.

आमिषाची रीत जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात ‘स्पॅनिश कैद्या’ची पत्रं यायची: धनवान माणूस तुरुंगात आहे, सुटकेसाठी थोडी रक्कम द्या, मोठा वाटा मिळेल. फोन घरोघरी आल्यावर म्हाताऱ्या माणसांना गाठणं सोपं झालं. हाताशी आयुष्यभराची पुंजी, दिवसभर घरात एकटं, आणि समोरचा बोलत असताना फोन ठेवायचा संकोच.

अमेरिकेत एकदा फसलेल्यांच्या नावांच्या याद्या ठगांमध्ये विकल्या जात. १९९५ साली उघड झालेल्या ‘सीनियर सेंटिनेल’ मोहिमेत एफबीआयने निवृत्त स्वयंसेवकांनाच ठगांचे फोन घ्यायला बसवलं आणि संभाषणं टेप केली. त्याच याद्यांवरून दुसरा फोन यायचा: ‘तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा.’ आधीच खचलेल्या माणसाला पुन्हा नागवणारा हा प्रकार मला सगळ्यांत निर्दय वाटतो. त्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम केला की फोनवरून अशी सेवा विकणाऱ्याने पैसे ग्राहकाच्या हाती पडून कामकाजाचे सात दिवस होईपर्यंत फी मागायचीच नाही. आगाऊ फी मागणारा ठगच असणार, ही खूण आजही चालते.

पुढे ‘आजी, मी अडकलोय, बाबांना सांगू नकोस’ असे फोन सुरू झाले. घाबरलेली आजी तातडीने पैसे पाठवायची आणि ते रोखीत उचलले की माग संपायचा. २०१७ साली वेस्टर्न युनियन या पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने अशा फसवणुकीला आपला हातभार लागल्याचं अमेरिकी सरकारपुढे कबूल केलं आणि ५८.६ कोटी डॉलर भरले. त्यातून २०२० पासून पीडितांना परतफेड सुरू झाली. पैसे वाहून नेणाराही जबाबदार असतो, हे तिथे ठसठशीतपणे दिसलं.

ब्रिटनने ते नियमातच आणलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून करवून घेतलेल्या बँक हस्तांतरणाची भरपाई ८५,००० पौंडांपर्यंत द्यावी लागते. पाठवणारी आणि स्वीकारणारी संस्था निम्मा-निम्मा भार उचलतात. बँक १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकते, पण असुरक्षित स्थितीतल्या ग्राहकाकडून तेही नाही. मात्र परदेशी पाठवलेली रक्कम, रोख आणि क्रिप्टोचे व्यवहार या नियमाबाहेरच राहिले आहेत.