गॅस फर्नेसची वार्षिक देखभाल

उत्तर अमेरिकेत घर गरम ठेवणाऱ्या गॅस फर्नेसची वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, परवानाधारक टेक्निशियनकडून करून घेतलेली तपासणी, सफाई आणि जुळणी. अमेरिका व कॅनडातील कोट्यवधी घरांच्या बेसमेंटमध्ये हे यंत्र असते. दक्षिणेकडच्या राज्यांत ते माळ्यावर किंवा कपाटवजा खोलीतही बसवतात. शिकागो, डिट्रॉइट, टोराँटो या भागांत पहिले घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला गाडीच्या सर्व्हिसिंगची सवय असते, पण घर तापवणारे यंत्र त्याने पूर्वी कधी वापरलेले नसते. त्यामुळे ते बंद पडेपर्यंत त्याच्याकडे लक्ष जात नाही, आणि फर्नेस बंद पडते ती बहुधा तिच्यावर सर्वाधिक ताण असतो तेव्हा, म्हणजे कडाक्याच्या थंडीत.

इतिहास : डेव्हिड लेनॉक्स यांनी १८९५ मध्ये आयोवातील मार्शलटाउन येथे रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्याची कोळशाची फर्नेस बाजारात आणली. न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या अ‍ॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेला २३ डिसेंबर १९१९ रोजी गॅसवर चालणाऱ्या गृहतापन योजनेचे अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे अनेक दशके घरगुती फर्नेसमध्ये सतत जळणारी छोटी पायलट ज्योत असे. आता तिच्या जागी विजेवर तापणारा इग्नायटर आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड आला आहे.

कार्य : खोलीचे तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटकडून २४ व्होल्टचा संकेत आला की यंत्रातील घटना ठरलेल्या क्रमाने घडतात. आधी इंड्यूसर नावाचा छोटा पंखा फिरू लागतो आणि जळलेला वायू बाहेर खेचण्याची तयारी करतो. पुरेसा खेच निर्माण झाल्याची खात्री प्रेशर स्विच देतो. मग इग्नायटर लालबुंद होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतात. ज्योत खरोखर पेटली आहे हे फ्लेम सेन्सरने काही सेकंदांत कळवले नाही तर बोर्ड गॅस तोडतो. ज्वाळा हीट एक्स्चेंजर या धातूच्या बंद कप्प्यात आतून जातात. साधारण अर्ध्या मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो आणि घरातली हवा त्याच कप्प्याच्या बाहेरून वाहत तापते. जळलेला वायू आणि श्वासाची हवा यांच्यामध्ये असते ती फक्त या कप्प्याची पातळ भिंत. देखभालीतली बहुतेक कामे शेवटी ही भिंत शाबूत ठेवण्यासाठी असतात.

हवेचा प्रवाह : फर्नेस बिघडण्याची सुरुवात गॅसपेक्षा हवेच्या बाजूने अधिक वेळा होते. फिल्टर धुळीने भरला की ब्लोअरला पुरेशी हवा मिळत नाही, हीट एक्स्चेंजरची उष्णता वाहून जात नाही आणि धातू मर्यादेपलीकडे तापतो. तेव्हा लिमिट स्विच बर्नर बंद करतो. धातू निवला की बर्नर पुन्हा पेटतात आणि पुन्हा बंद होतात. घरातल्यांना एवढेच जाणवते की फर्नेस सारखी चालू-बंद होते आहे आणि खोल्या नीट तापत नाहीत. आत मात्र प्रत्येक फेरीत धातू प्रसरण-आकुंचन पावतो आणि काही हंगामांनी वळणाच्या किंवा सांध्याच्या जागी तडा जातो. थोड्या डॉलरांच्या फिल्टरपासून हजारो डॉलरांच्या नव्या फर्नेसपर्यंतचा रस्ता असा सरळ आहे.

एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलतात, चार-पाच इंची सहा ते बारा महिन्यांत. फोडणीचा धूर, अगरबत्ती, पाळीव प्राणी किंवा घरात चालू असलेले बांधकाम असेल तर महिन्यातून एकदा काढून उजेडासमोर धरून पाहावा. फिल्टरच्या चौकटीवरचा बाण हवेच्या वाहण्याच्या दिशेने, म्हणजे फर्नेसकडे, असावा लागतो. मर्व्ह ही फिल्टरच्या गाळणक्षमतेची मोजणी आहे. मर्व्ह ८ ते ११ बहुतेक घरांना पुरते. एक इंची जाडीत मर्व्ह १३ बसवल्यास जुन्या डक्टमध्ये, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या नळांमध्ये, हवा अडू शकते, म्हणून तो बसवण्याआधी दाब मोजून घ्यावा. न वापरत्या खोल्यांचे व्हेंट बंद करून गॅस वाचवण्याची युक्ती लोकप्रिय आहे. तिचा परिणामही घाण फिल्टरसारखाच होतो.

हवेचा प्रवाह ठीक आहे की नाही हे अंदाजाने सांगता येत नाही. टेक्निशियन परतीच्या आणि पुरवठ्याच्या डक्टमध्ये थर्मामीटर घालून तापमानवाढ मोजतो. ती नेमप्लेटवर छापलेल्या पट्ट्यात बसली पाहिजे. उदाहरणार्थ, पट्टा ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट असेल, परतीची हवा ६८ अंश आणि गरम हवा १२० अंश असेल, तर वाढ ५२, म्हणजे ठीक. वाढ जास्त आली तर फिल्टर, ब्लोअरची धूळ साचलेली पाती किंवा फर्नेसवर बसवलेली एसीची कॉइल तपासावी लागते. वाढ फार कमी असणेही घातक आहे. अशा वेळी ८० टक्के कार्यक्षमतेच्या साध्या फर्नेसमध्ये जळलेल्या वायूतील वाफेचे आतच पाणी होते आणि एक्स्चेंजर गंजतो.

ज्वलन : नैसर्गिक वायूसाठी बर्नरकडे जाणारा दाब बहुधा ३.५ इंच जलस्तंभ (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका) आणि प्रोपेनसाठी सुमारे १० इंच असतो. नेमका आकडा नेमप्लेटवर दिलेला असतो. व्हॉल्व्हच्या नळीला मॅनोमीटर हे दाबमापक जोडूनच तो जुळवतात. ज्वाळा निळ्या, स्थिर आणि सर्व बर्नरवर सारख्या असाव्यात. पिवळ्या, डुलणाऱ्या ज्वाळा अपुरी हवा दाखवतात. पण ज्योत डोळ्यांना निळी दिसली म्हणजे ज्वलन पूर्ण झाले असे नव्हे. त्यासाठी धुराड्यात कंबश्चन अ‍ॅनालायझरची नळी घालून ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजावे लागतात. अतिरिक्त हवा वजा करून काढलेले कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ४०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०० भाग) वर गेले तर फर्नेस चालू ठेवता येत नाही. नीट जुळवलेल्या यंत्रात ते १०० च्या खाली असते. हे मोजमाप न करता उरकलेली भेट म्हणजे झाडलोट, देखभाल नव्हे.

हिवाळ्यातल्या तक्रारींत फ्लेम सेन्सरचा वाटा मोठा आहे. पेन्सिलीहून बारीक अशी ही धातूची कांडी चिनी मातीच्या बुडात बसवलेली असते आणि शेवटच्या बर्नरच्या ज्वाळेत राहते. कांडीतून ज्वाळेमार्गे काही मायक्रोअँपिअर एवढाच विजेचा प्रवाह वाहतो आणि तोच बोर्डाला ज्योतीचा पुरावा असतो. कांडीवर सिलिकाचा पांढुरका थर बसला की प्रवाह एक मायक्रोअँपिअरच्या खाली येतो. मग बर्नर पेटतात, चार-पाच सेकंदांत विझतात, हेच तीन-चारदा होते आणि यंत्र लॉकआउटमध्ये जाते, म्हणजे पुन्हा पेटण्याचा प्रयत्न थांबवते. बोर्डावरचा छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. त्या संकेतांची यादी फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते. उपाय साधा आहे : एक स्क्रू काढून कांडी बाहेर घ्यायची, बारीक स्टीलवूलने घासायची, कोरड्या कापडाने पुसून परत बसवायची आणि प्रवाह पुन्हा मोजायचा. इग्नायटरला मात्र बोट लावायचे नसते. सिलिकॉन कार्बाइडचा जुना प्रकार काचेसारखा ठिसूळ असतो आणि बोटाचे तेल लागलेल्या जागी तो लवकर फुटतो.

कंडेन्सिंग फर्नेस : ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये दुसरा एक्स्चेंजर वाफेतली उष्णताही काढून घेतो आणि दर तासाला लिटरच्या हिशोबात आम्लधर्मी पाणी तयार होते. ते ट्रॅपमधून, म्हणजे तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या भागातून, नाल्यात जाते. ट्रॅपमध्ये गाळ साचला किंवा नळी गोठली की पाणी मागे तुंबते, प्रेशर स्विच संकेत तोडतो आणि घर थंड पडते. म्हणून वार्षिक भेटीत ट्रॅप काढून धुवून, पाण्याने भरून परत बसवतात. धूर बाहेर नेणारे पीव्हीसी पाइप फुटाला पाव इंच उताराने फर्नेसकडे झुकलेले हवेत. मोठ्या हिमवर्षावानंतर त्यांची तोंडे घरमालकाने स्वतः मोकळी करावीत. गांधीलमाशीचे घरटेही तिथेच सापडते. प्रेशर स्विचच्या दोन तारा जोडून फर्नेस चालू करून देणारा कोणी भेटला तर त्याला थांबवावे, कारण धूर बाहेर जात नसल्याची सूचना देणारा भाग त्याने निकामी केलेला असतो.

कार्बन मोनॉक्साइड : या वायूला रंग नाही, वास नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक माणसे मरतात, असे तेथील रोगनियंत्रण केंद्र सांगते. त्यात जनरेटर, गाड्या आणि इतर साधनांचाही वाटा आहे. एक्स्चेंजरला तडा गेला की वायू थेट खोल्यांत येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ब्लोअरकडचा दाब अधिक असल्याने बहुधा हवाच तड्यातून आत घुसते, ज्वाळा विस्कटते, ज्वलन अपुरे राहते आणि आग बर्नरच्या बाहेर लवलवू शकते. म्हणून ब्लोअर सुरू होण्याच्या क्षणी ज्वाळेकडे पाहतात : ती वाकली किंवा फडफडली तर कॅमेरा आत घालून तपासणी करावी लागते.

प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ अलार्म हवा. तो ७० पीपीएमवर एक ते चार तासांत आणि ४०० पीपीएमवर ४ ते १५ मिनिटांत वाजेल असा बनवलेला असतो, म्हणजे कमी प्रमाणाची गळती तो लगेच सांगत नाही. मागे छापलेली मुदत संपली की तो बदलावा. डोकेदुखी आणि मळमळ घराबाहेर गेल्यावर थांबत असेल तर फ्लू समजून बसू नये. महाराष्ट्रात फर्नेस नसली तरी बंद न्हाणीघरात लावलेला गॅस गिझर हाच वायू तयार करतो. तिथेही धुराडे, झरोका आणि बर्नरची सफाई यांना पर्याय नाही.

भेट कशी असावी : सप्टेंबर-ऑक्टोबर हा उत्तम काळ. नीट कामाला तास-दीड तास लागतो आणि खर्च साधारण १०० ते २०० डॉलर येतो. वीस मिनिटांत संपणाऱ्या स्वस्त भेटी पुष्कळदा नवी फर्नेस विकण्यासाठी असतात. ऑन्टारिओत टेक्निकल स्टँडर्ड्स अँड सेफ्टी ऑथॉरिटीचे प्रमाणपत्र मागावे. अमेरिकेत परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. पावतीवर तापमानवाढ, गॅसचा दाब, डक्टमधील दाब, फ्लेम सेन्सरचा प्रवाह आणि धुराड्यातील कार्बन मोनॉक्साइड हे पाच आकडे लिहून घ्यावेत आणि मागच्या वर्षीच्या पावतीशी ताडून पाहावेत. सेन्सरचा प्रवाह गेल्या वर्षी चार आणि यंदा दोन मायक्रोअँपिअर असेल तर बिघाड होण्याआधीच तो कळतो. अनेक उत्पादक वॉरंटीचा दावा करताना देखभालीचा पुरावा मागतात, तेव्हाही याच पावत्या कामी येतात. गॅसबिलात होणारी बचत मात्र घरागणिक वेगळी असते. आधीच स्वच्छ असलेल्या यंत्रात ती नगण्य असते, तिच्या आशेवर हा खर्च करू नये.

एक्स्चेंजर फुटला आहे असे सांगितले गेल्यास तड्याचे छायाचित्र मागावे आणि शंका असल्यास दुसऱ्या टेक्निशियनला बोलवावे. तडा खरा असेल तर मात्र वेल्डिंग करून किंवा पुट्टी लावून भागत नाही. ऑन्टारिओत तात्काळ धोका दिसला तर टेक्निशियन गॅस बंद करून यंत्राला टॅग लावतो, आणि दुरुस्ती झाल्याशिवाय ते सुरू करता येत नाही. यंत्राचे वय पंधरा-वीस वर्षे असेल आणि वॉरंटी संपलेली असेल तर एक्स्चेंजर बदलण्यापेक्षा नवी फर्नेस घेणे बहुधा परवडते. एक्स्चेंजर वॉरंटीत असेल तर सुटा भाग फुकट मिळतो, मजुरी मात्र द्यावी लागते, आणि ती काही वेळा हजार डॉलरांच्या वर जाते.