कोवाल्स्की

कोवाल्स्की हे पोलंडमधले नोवाकच्या खालोखाल सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे. स्त्रीरूप कोवाल्स्का धरून आज पोलंडमध्ये सव्वा लाखाहून अधिक लोक ते लावतात. ‘यान कोवाल्स्की’ म्हणजे तिथला कुणीही साधा माणूस. अर्ज कसा भरावा याच्या नमुन्यावर हेच नाव छापलेले असते, आणि एखाद्या कायद्याने सामान्यांचे काय होईल हे सांगतानाही याच कोवाल्स्कीला पुढे केले जाते.

पोलिशमध्ये ‘कोवाल’ म्हणजे लोहार. ‘जो तो आपल्या नशिबाचा कोवाल’ ही म्हण तिथे रोजच्या बोलण्यात आहे. म्हणून कोवाल्स्की म्हणजे लोहाराचा वंशज, असा अर्थ सरसकट दिला जातो. तो अपुरा आहे. ‘-स्की’ हा प्रत्यय मुळात विशेषण बनवणारा, आणि आडनावांत त्याचे जुने काम आपल्या ‘-कर’सारखे, म्हणजे गाव सांगण्याचे. तार्नुव गावचा सरदार तो तार्नोव्स्की, तसा कोवाले नावाच्या गावचा तो कोवाल्स्की.

या गावांची गोष्ट आडनावाइतकीच महत्त्वाची आहे. मध्ययुगाच्या सुरुवातीला पोलंडच्या राजांनी आपल्या गढ्यांभोवती एकेका कामाची माणसे वसवली. ढाली करणाऱ्यांचे श्चित्निकी, भाकरी भाजणाऱ्यांचे पिएकारी, लोहारांचे कोवाले. आपल्याकडच्या लोहारवाडी, कुंभारवाडीसारखीच ही नावे. धंदा मागे पडला तरी गावाचे नाव टिकले. त्यामुळे कोवाल्स्की कुळाच्या मूळपुरुषाने हातोडा कधी हाती धरलाच नसेल, असेही शक्य आहे. कुयाव्या प्रांतात कोवाल नावाचे गावही आहे. पोलंडचा राजा तिसरा काझिमिएश १३१० मध्ये तिथेच जन्मला.

‘-स्की’ची आडनावे आधी जमीनदार उमरावांची होती. त्यांची ऐट पाहून शहरी कारागिरांनी आणि पुढे शेतकऱ्यांनीही हा प्रत्यय उचलला. मग जिथे गावाचा संबंध नव्हता तिथेही नुसत्या ‘कोवाल’ला ‘-स्की’ जोडले गेले. यातून एक गोष्ट स्पष्ट होते: कोवाल्स्की हे एक कूळ नाही. ठिकठिकाणी, वेगवेगळ्या शतकांत, एकमेकांशी नाते नसलेल्या घरांत ते स्वतंत्रपणे रुजले. काही ज्यू कुटुंबांतही ते आहे. उमराव कोवाल्स्कींची कुलचिन्हेसुद्धा निरनिराळी होती. गल्लत टाळण्यासाठी काही जण चिन्हाचे नाव आडनावाला जोडत. बर्फातल्या लांडग्यांच्या चित्रांसाठी गाजलेला चित्रकार आल्फ्रेड व्हिएरुश-कोवाल्स्की (१८४९–१९१५) हे त्याचे उदाहरण.

याच मूळ शब्दाची पोलिश भावंडे पुष्कळ आहेत. कोवाल्चिक म्हणजे लोहाराचा पोर किंवा हाताखालचा गडी; हे आडनावही फार प्रचलित आहे. कोवालिक त्याच वळणाचे. कोवालेव्स्की मात्र कोवालेवो या गावनामावरून आले. सीमेपलीकडे युक्रेनमध्ये कोवालेन्को आणि कोवालचुक, लिथुएनियात काव्हालियाउस्कास, सर्बिया-क्रोएशियात कोवाचेविच भेटतात. हंगेरीतले कोवाच तर स्लाव्ह भाषांतून उसने घेतलेल्या शब्दावरून झाले. युरोपच्या या पट्ट्यात गावोगावी भाता आणि ऐरण होती, याचा हा बोलका पुरावा.

मराठी माणसाला या आडनावाचे व्याकरण चटकन उमगेल. ‘साठे’चे आपण ‘साठ्यांच्या घरी’ करतो; पोलिशमध्येही आडनाव विभक्तीप्रमाणे बदलते. कुटुंब ‘कोवाल्स्त्सी’, आणि त्यांच्या घरी म्हणजे ‘उ कोवाल्स्कीख’. दारावरच्या पाटीवर अनेकवचन दिसले की आत सगळे कुटुंब राहते हे कळते. बाई कोवाल्स्काच, मग ती विवाहित असो वा नसो. नुसते ‘कोवाल’ आडनाव असेल तर जुन्या रिवाजाप्रमाणे बायको कोवालोवा आणि मुलगी कोवालुव्ना व्हायची. आपल्या ‘जोशीणबाई’च्या जवळ जाणारी ही पद्धत आता विरळ झाली आहे.

या आडनावाची सर्वांत जगप्रसिद्ध व्यक्ती म्हणजे संत फाउस्तिना. जन्मनाव हेलेना कोवाल्स्का. १९०५ मध्ये ग्वोगोव्येत्स या खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्म, १९३८ मध्ये क्राकुव इथे मृत्यू, ३० एप्रिल २००० रोजी संतपद. येशूच्या छातीतून लाल आणि फिकट असे दोन किरण निघणारे ‘दैवी करुणे’चे चित्र तिच्या साक्षात्कारावरून काढले गेले. वसई आणि गोव्यातल्या कॅथलिक भाविकांना ते चित्र चांगले ओळखीचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलिश मजूर कोळशाच्या खाणींत कामाला जर्मनीच्या रूर भागात गेले, कित्येक कुटुंबे अमेरिकेत गेली. तिथे आडनाव टिकले, व्याकरण टिकले नाही. शेवटचे अक्षर बदलण्याची सोय तिथल्या कागदपत्रांत नव्हती, म्हणून त्या घरांतल्या आई, मुली आणि सुनासुद्धा कोवाल्स्कीच झाल्या.