दृश्य आधार

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) बालकांना समजून घेण्यास व व्यक्त होण्यास साहाय्यभूत ठरणाऱ्या वस्तू, छायाचित्रे, रेखाचित्रे, लेखी शब्द आणि त्यांची मांडणी यांना दृश्य आधार म्हणतात. बोललेला शब्द उच्चारताच विरतो. चित्र मात्र मुलाला लागेल तितका वेळ समोर राहते. दिनक्रमाची पट्टी, ‘आधी–नंतर’ फलक व निवडीचा तक्ता हे रूढ प्रकार होत.

या पद्धतीचा उगम सामान्यतः मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांच्या, स्वमग्न मुलांच्या शिक्षणासाठीच्या ‘टीच’ कार्यक्रमाशी जोडला जातो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधनातून तो वाढला व १९७२ मध्ये राज्यव्यापी झाला. तथापि चित्रचिन्हांची कल्पना याहून जुनी आहे : चार्ल्स ब्लिस यांनी आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी रचलेली, १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेली चिन्हलिपी १९७१ च्या सुमारास टोराँटोत सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या दोषामुळे हालचाल व बोलणे कठीण होणारी अवस्था) असलेल्या मुलांसाठी वापरली जाऊ लागली. म्हणून ‘टीच’ला उगम म्हणण्यापेक्षा स्वमग्नतेच्या क्षेत्रातील पद्धतशीर आरंभ म्हणणे अधिक युक्त ठरेल. स्वमग्न व्यक्ती चित्रांतूनच विचार करतात, हे स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांच्या स्वानुभवावरून रूढ झालेले मतही सरसकट लागू होत नाही. पुढे त्यांनी स्वतःच ते मर्यादित केले.

अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये डेलावेअर येथे मांडलेली चित्र-विनिमय पद्धत (‘पेक्स’) दिनक्रमाच्या पट्टीसारख्या दृश्य आधारांपासून वेगळी ओळखावी लागते. दिनक्रमाची पट्टी मोठ्यांचे म्हणणे मुलापर्यंत नेते, तर ‘पेक्स’मध्ये मूल कार्ड दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः संवाद सुरू करते. तिच्या सहा टप्प्यांपैकी चौथ्यात वाक्यपट्टी (कार्डे क्रमाने लावून वाक्य करण्याची पट्टी) येते व तेथे भाषेचा प्रश्न उद्भवतो. इंग्रजी पट्टीत मागणीचे कार्ड आधी व वस्तूचे नंतर लागते. मराठीत वस्तू मध्ये येते आणि क्रियारूप तिच्या लिंगानुसार बदलते (चेंडू हवा, पोळी हवी, पाणी हवे). एकच कार्ड पुरावे यासाठी ‘पाहिजे’ हे रूप सोयीचे आहे; कोकणीतील ‘जाय’ तसेच लिंगनिरपेक्ष असल्याने गोव्यात दोन्ही भाषांत पट्टीची मांडणी सारखीच ठेवता येते.

चित्रांमुळे मूल बोलायचे थांबेल, ही पालकांची शंका संशोधनाने सामान्यतः खरी ठरवलेली नाही. मात्र वाणीतील वाढ बहुधा माफक असते. २०२० च्या एका अमेरिकन आढाव्यात दृश्य आधारांचा समावेश पुराव्याधारित २८ पद्धतींत झाला आहे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पास’ ही पालकांमार्फत स्वमग्न मुलांना साहाय्य करण्याच्या पद्धतीची चाचणी गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडीत घेण्यात आली होती. तिच्यातील ६५ मुलांच्या पालकांपैकी काहींना मुलासोबतच्या त्यांच्याच खेळाचे चित्रीकरण दाखवून मार्गदर्शन केले गेले. अर्थात तेथे दृश्य साधन मुलासाठी नव्हे, तर पालकांसाठी होते. प्रत्यक्ष कार्डांच्या बाबतीत आयत्या परदेशी संचांपेक्षा परिचित वस्तूंची छायाचित्रे अधिक उपयोगी पडावीत : संचातील परक्या शाळा-बसऐवजी मुलाला न्यायला येणारा बालरथ (गोव्यातील शाळांची बस), पावासाठी पोदेराने (पाववाल्याने) दारी आणलेली पोय (गोव्याचा एक पाव). गोव्याच्या पेडणे, डिचोली वा सत्तरी तालुक्यातील, घरी मराठी, शाळेत कोकणी किंवा इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाच्या कार्डाखाली आरंभी घरातला शब्द लिहिणे इष्ट. चित्र न बदलता दुसरा शब्द नंतर जोडता येतो. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेल्या ‘जेलो’ या चित्रांद्वारे संवाद साधण्याच्या अ‍ॅपमध्ये मराठीचीही सोय आहे.