गथ्रीचा क्रमांक आणि बांटू भाषांची वंशावळ

स्वाहिली जी (G) ४२, झुलू एस (S) ४२, लुगांडा ई (E) १५. बांटू भाषांबद्दल काहीही वाचायला घ्या, हे क्रमांक भेटतातच. आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: ‘स्वाहिली ही बांटूच्या जी शाखेतली भाषा.’ शाखा कसली? जी हा नकाशावरचा विभाग आहे.

वंशावळ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मराठी, कोकणी एका कुळातल्या, कन्नड दुसऱ्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बांटू ही नायजर-काँगो कुळाची उपशाखा. कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या पाचशेच्या आसपास भाषा. घोळ होतो तो क्रमांकांपाशी.

माल्कम गथ्री या ब्रिटिश अभ्यासकाने १९४८ मध्ये हा पसारा विभागांत बसवला. १९६७ ते १९७१ दरम्यान आलेल्या सुधारित मांडणीत ए ते एस असे १५ विभाग आहेत. आय, जे, ओ, क्यू ही अक्षरं वगळलेली. विभागात पुन्हा दहा-दहाचे गट. हे सगळं पिन कोडासारखं: ४ ने सुरू होणाऱ्या पिनमध्ये पणजीही येते आणि भोपाळही, म्हणून कोणी त्यांचं नातं जुळवत नाही.

स्वाहिलीचंच बघा. केनियाच्या किनाऱ्यावरची मिजिकेंडा, ताना नदीकाठची पोकोमो आणि कोमोरोस बेटांवरची भाषा या तिच्या सख्ख्या बहिणी. या गटाला साबाकी म्हणतात. पण पोकोमो ई ७१, मिजिकेंडा तिच्या शेजारी ई मध्येच, आणि स्वाहिली मात्र जी मध्ये, टांझानियातल्या दोदोमाकडच्या गोगोबरोबर (जी ११). अक्षरावर विसंबलात तर पोकोमो किकुयूची (ई ५१) जवळची ठरेल आणि स्वाहिली परकी. उलट आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातही तेच: किन्यारवांडा डी ६१, लुगांडा ई १५. नातं इतकं उघड की बेल्जियममधल्या तेर्व्युरेनच्या अभ्यासकांनी पुढे रिकामं पडलेलं ‘जे’ (J) हे अक्षर घेऊन तिथल्या भाषा एकत्र आणल्या. दहाच्या गटाचा आकडा त्या मानाने बराच विश्वासू: एस ४० मधल्या खोसा, झुलू, स्वाती खरोखरच एका घरच्या.

नातं ठरतं ते एकत्र केलेल्या बदलांवरून. जपलेल्या जुन्या गोष्टींवरून नव्हे. नामवर्गांचे (म्हणजे आपल्या लिंगांसारख्या नामांच्या गटांचे) उपसर्ग स्वाहिलीतही आहेत, झुलूतही. ती सगळ्या बांटूंची वडिलोपार्जित इस्टेट, त्यावरून दोघी सख्ख्या ठरत नाहीत. (स्वाहिलीत अरबी शब्द पुष्कळ म्हणून तिला ‘अर्धी अरबी’ म्हणणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार. शब्द उसने आणल्याने कूळ बदलत नाही.)



एक गैरसमज मात्र चिवट आहे: ए पासून एस पर्यंतचा क्रम म्हणजे बांटू भाषकांच्या स्थलांतराचा क्रम. ए विभाग वायव्येला, कॅमेरूनकडे आहे आणि मूळ भूमीही नायजेरिया-कॅमेरून सीमेलगतची मानली जाते, म्हणून हे पटकन खरं वाटतं. पण उगमाजवळच सर्वांत जुने फाटे फुटलेले असल्याने ए मधल्या भाषा मिळून एक शाखादेखील होत नाही. आणि खुद्द गथ्रीच्या मते बांटूंचं केंद्र कॅमेरूनपासून लांब, काँगोच्या दक्षिणेकडच्या कटांगाच्या बाजूला होतं, म्हणजे त्याच्याच एल आणि एम विभागांत. कॅमेरूनकडे बोट दाखवलं ते अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी, आणि गथ्रीला ते मान्य नव्हतं.