स्लॅब आरसीसीचा, पण उभा कशावर? लोड बेअरिंग आणि फ्रेम

"आमचं घर आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचं) आहे हो," असं गावाकडे कुणी सांगितलं, तर बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की डोक्यावर पत्रा नाही, स्लॅब आहे. स्लॅब तर लोड बेअरिंग आणि फ्रेम या दोन्ही प्रकारच्या घरांवर सारखाच दिसतो. त्याचं वजन जमिनीपर्यंत कुठल्या वाटेनं जातं, यावर पैशाचं सगळं गणित बदलतं.

लोड बेअरिंग घरात स्लॅब थेट भिंतींवर बसतो आणि भिंतींखाली सलग पाया असतो. फ्रेममध्ये वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून (आडव्या तुळईवरून) कॉलमवर (उभ्या खांबावर) आणि तिथून फूटिंगवर, म्हणजे कॉलमखालच्या पायावर उतरतं. तिथं भिंत म्हणजे नुसता पडदा. उद्या काढून टाकली तरी घर उभं राहतं.

साइटवर ओळखायला कामाचा क्रम बघा. आधी कॉलम उभे राहिले, वर बीम-स्लॅब पडला आणि भिंती मागून आल्या, तर फ्रेम. आधी भिंती चढल्या आणि त्यांच्यावरच सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा) लावून स्लॅब भरला, तर लोड बेअरिंग.

गोंधळ होतो तो तिसऱ्याच प्रकारात. गवंडी चार कोपऱ्यांत ९ इंची कॉलम काढतो, त्यात १२ एमएमच्या चार सळया, पण वर बीमच नाही. स्लॅब बसतो भिंतीवर. मालकाच्या डोक्यात फ्रेमचं घर, सळईचं बिलही तसंच, आणि वजन मात्र विटाच पेलतायत. मग फ्रेमच आहे म्हणून आतल्या भिंती ४ इंची घेतल्या, की झालंच! (भिंती आधी बांधून त्यांना कडेनं बारीक कॉलम-बीमनी आवळायची 'कन्फाइन्ड मेसनरी' नावाची एक चांगली पद्धत आहे, आयआयटी गांधीनगरच्या कॅम्पसमधली हॉस्टेलं तशीच आहेत. पण ती आकडेमोड करून बांधलेली असतात, अंदाजपंचे नव्हे.)

आता खर्च. लोड बेअरिंगमध्ये सळई लागते ती स्लॅब, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) आणि भिंतींना आवळणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांपुरती. कॉलम-फूटिंगचं लोखंड आणि सेंट्रिंग वाचतं. तळमजल्याचं, फार तर वर एक मजला असं साधं घर आणि खाली कडक मुरूम असेल, तर मी बिनदिक्कत लोड बेअरिंग म्हणेन. कोकण-गोव्यात चिऱ्याची (जांभ्या दगडाची) घरं पिढ्यान् पिढ्या याच पद्धतीनं उभी आहेत, आणि चिरा नीट घडवलेला असेल तर बाहेरून प्लास्टरही टाळता येतं.

पण ही बचत दोन ठिकाणी गळते. पहिली जागा भिंतीची जाडी. बाहेरून २० बाय ३० फुटांचं घर धरा, आत ४० फूट लांबीच्या भिंती. सगळ्या ९ इंची घेतल्या तर भिंतीच १०३ चौरस फूट खातात. फ्रेममध्ये बाहेर ६ आणि आत ४ इंची भिंत चालते, तेव्हा हा आकडा ६२ वर येतो. म्हणजे ४० चौरस फुटांचा फरक, ५ बाय ८ चं संडास-बाथरूम त्यात बसतं. प्लॉट मोठा असेल तर याचं दुःख नाही. गुंठाभर जागेत मात्र हे टोचतं.

दुसरी जागा जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. मुरूम ३ फुटांवर लागला तर ठीक. तो ८ फुटांवर असेल, तर लोड बेअरिंगला प्रत्येक भिंतीखाली पूर्ण लांबीचा चर तितका खोल खणावा लागतो आणि फ्रेमला फक्त कॉलमचे खड्डे. इथे स्वस्त वाटणारं घर महाग पडू शकतं. म्हणून प्लॅनच्या आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन बघा.

मजबुतीचं काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं कोसळली, तेव्हापासून भिंतीवरच्या घराचा अनेकांनी धसकाच घेतला. पण त्या भिंतींत आतल्या-बाहेरच्या दोन थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते, सगळ्या भिंतींना आवळणारे पट्टे नव्हते. सिमेंटमध्ये बांधलेली वीट, जोत्याला आणि लिंटेलला सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात उभी सळई, खिडकी कोपऱ्यापासून लांब, एवढं पाळलेलं लोड बेअरिंग घर मला कच्च्या फ्रेमपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. फ्रेममध्ये कॉलमच्या रिंगांची (उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांची) टोकं आत नीट वळवलेली नसतील, तर हादऱ्यात त्या उघडतात. भूकंपाच्या नियमावलीत कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर आहे. ९ इंच म्हणजे जेमतेम २३०.

पुढे-मागे मजला चढवायचा असेल, खाली गाडी लावायची असेल, मोठा सलग हॉल हवा असेल, तर फ्रेमच. वरच्या मजल्याच्या भिंती खालच्या भिंतींवरच याव्या लागतात, ही लोड बेअरिंगची अट नव्या प्लॅनमध्ये फार अडचणीची ठरते.

आणि लोड बेअरिंग घेतलंत, तर वायरमन येण्याआधी त्याच्याशी बोला. वायरच्या पाइपसाठी भिंतीत उभी खाच मारायची तर जाडीच्या एक तृतीयांशापर्यंतच, आडवी एक षष्ठांशापर्यंत. ९ इंची भिंतीत आडवी खाच दीड इंचाच्या वर जाता कामा नये. शक्यतो आडवी मारूच देऊ नका, पाइप स्लॅबमधून न्यायला सांगा; म्हणजे बोर्डांच्या जागा स्लॅब भरण्याआधी ठरलेल्या हव्यात.